पैलवानाच्या पोटऱ्या

माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा होता तेव्हा त्याच्या पोटऱ्या पाहून गल्लीतली माणसे थांबत असत. एवढ्याशा पोराच्या त्या भरीव, टणक पोटऱ्या! आबा, म्हणजे माझे आजोबा, त्याला कट्ट्यावर उभा करीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवीत. ‘‘बघा, पैलवान हाय माझा नातू. रक्तातच हाय त्येच्या.’’

आबांचे तरुणपण तालमीत गेले. ताक, तेल आणि हळद घालून मळलेल्या तांबड्या मातीत ते पहाटे उतरत. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात त्यांची एकदाच कुस्ती झाली, आणि तीत ते हरले. पण हरल्याचे सांगतानाही त्यांचा आवाज चढतो. अण्णांच्या वाट्याला तालीम आली नाही, उसाचा फड आला. त्यामुळे आबांची सारी आशा धाकट्यावर. तो पाच वर्षांचा झाला आणि रोज सकाळी अंगणात बैठका सुरू झाल्या. चार-पाच बैठका तो कशाबशा मारी, मग खाली बसलेला उठतच नसे. ‘‘ऊठ, आळशा!’’ आबा ओरडत. मग तो आधी ओणवा होई, गुडघ्यांवर हात टेकी, तिथून मांड्यांवर, आणि असा स्वतःच्याच अंगावर चढत चढत उभा राही. आम्हाला त्याची मोठी गंमत वाटे. मी तर त्याची नक्कल करून मैत्रिणींना हसवीत असे. हे लिहिताना आज लाज वाटते.

या उठण्याला वैद्यकात नाव आहे. विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७९ साली त्याचे वर्णन केले. आमच्या अंगणात ते रोज सकाळी घडत होते आणि घरातल्या कोणालाच ते वाचता येत नव्हते.

धाकटा सारखा पडू लागला, जिना चढेना, तेव्हा धावाधाव सुरू झाली. कोणी कॅल्शियमच्या बाटल्या दिल्या, कोणी अंगारा दिला. तो सात वर्षांचा असताना शहरातल्या एका बालरोगतज्ज्ञांनी त्याला फरशीवर बसवून ‘‘ऊठ बघू’’ म्हटले. तो उठला. डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि कागदावर नाव आले : ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. अण्णांनी तो कागद माझ्या हातात दिला. ‘‘तू शिकल्याली. वाच, काय लिवलंय.’’ मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. नाव वाचले. अर्थ काही सांगता आला नाही.

पुढे मी कला शाखेला आले, तरी तो कागद डोक्यातून जाईना. गेल्या वर्षी धीर करून आपल्याच महाविद्यालयातल्या जीवशास्त्राच्या मॅडमना भेटले. त्यांनी दोन दुपारी माझ्यासाठी फळ्यावर चित्रे काढली. त्या दोन दुपारी मी विसरणार नाही.

आपल्या शरीरात सहाशेहून अधिक स्नायू हाडांना जोडलेले आहेत आणि त्यांतल्या एकालाही ढकलता येत नाही! स्नायू फक्त ओढतो. दंडाची बेटकुळी आखडली की कोपर वाकतो. पण तो सरळ करायचा तर दंडाच्या मागच्या स्नायूने ओढावे लागते. एकाने ओढायचे तेव्हा दुसऱ्याने सैल सोडायचे. आत पाहावे तर स्नायू म्हणजे उसाच्या मोळीसारखा : तंतूंच्या जुड्या, त्या जुड्यांची मोळी. प्रत्येक तंतूत मायोसिन आणि ॲक्टिन या प्रथिनांचे धागे असतात. विहिरीतून कळशी वर घेताना आपण दोरावर एका हातापुढे दुसरा हात टाकीत जातो ना, तसे मायोसिन ॲक्टिनला ओढून घेते. आणि मला सर्वांत नवल वाटले ते हे, की पकड सोडायलाही शक्ती खर्ची पडते. फडातून आल्यावर रात्री अण्णांच्या पायात गोळे येतात, पोटरी दगडासारखी होते, तेव्हा ते कळवळून म्हणतात, ‘‘सोडंना झालाय!’’ आखडलेला स्नायू सुटत नाही, हे त्यांना पुस्तकावाचूनच ठाऊक होते. उसण, लचक, गोळा ही दुखणी आमच्या घरात नेहमीचीच. चार दिवस शेकले की माणूस पुन्हा कामाला. श्रमाने तंतूंना बारीक इजा होते, शरीर ती भरून काढते आणि स्नायू आणखी दणकट होतो. तालमीचे सारे शास्त्र एवढ्यावरच उभे आहे.

धाकट्याचे इथेच बिनसले आहे. तंतूच्या आतला सांगाडा त्याच्या पातळ आवरणाला घट्ट धरून ठेवणारे डिस्ट्रॉफिन नावाचे एक प्रथिन असते. १९८७ मध्ये ते ओळखले गेले. धाकट्याच्या शरीरात ते तयारच होत नाही. बांध नसलेली मोळी उचलावी तसे होते. दर हालचालीला तंतूचे आवरण फाटते. शरीर काही वर्षे डागडुजी करते, मग थकते, आणि मेलेल्या तंतूंच्या जागी चरबी व चिवट जाळे भरते. गल्ली ज्यांचे कौतुक करीत होती त्या पोटऱ्या अशा भरल्या होत्या.

आबांनी डॉक्टरांपुढे हात जोडून विचारले होते, ‘‘माझ्या बैठकांनी झालं का हे?’’ डॉक्टर म्हणाले, नाही, हा जन्माचाच दोष आहे. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, असल्या व्यायामाने हे स्नायू लवकर झिजतात, तो आजपासून बंद करा. आबांना मी एवढेच सांगितले, की डॉक्टरांनी विश्रांती द्यायला सांगितली आहे. उरलेले अजून सांगितलेले नाही. हा अंक घरी जाईल, तेव्हा आबा माझे छापलेले नाव बोटाने चाचपून बघतील. त्यांना वाचता येत नाही.

दोष आईकडून आला. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. बाईजवळ एक्स दोन असल्यामुळे एक बिघडला तरी दुसरा बहुधा सांभाळून घेतो. मुलाजवळ तो एकच. पुष्कळ मुलांत हा बिघाड नव्यानेच होतो, तिथे आईचा संबंधच नसतो. पण आमच्या आईची तपासणी झाली आणि ती वाहक निघाली. हे कळल्यावर आत्या जे बोलली ते इथे लिहिण्याजोगे नाही. आई काही बोलली नाही. त्या दिवशी तिने दोनदा भाकरी थापल्या. पहिल्या करपून गेल्या होत्या.

आणि मी? माझ्याकडे आईचा कोणता एक्स आला, हा निव्वळ छापा-काटा. रक्त दिले तर कळेल. घरात माझ्या लग्नाचे बोलणे अधूनमधून निघते, तेव्हा आई माझ्याकडे बघते आणि विषय बदलते. मी अजून रक्त दिलेले नाही. परीक्षेनंतर देईन म्हणते. ही गेल्या परीक्षेच्या वेळचीही सबब आहे.

धाकटा आता अकरा वर्षांचा आहे. गेल्या पावसाळ्यापासून तो चाकांच्या खुर्चीत बसतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात या आजाराची नोंद असल्यामुळे प्रमाणपत्र मिळाले. गोळ्यांनी झीज थोडी लांबते, थांबत नाही. हृदय हाही स्नायूच, म्हणून दरवर्षी त्याचीही तपासणी असते. एके काळी ही मुले विशीपर्यंत जेमतेम पोचत. नीट काळजी घेतली तर आता पुष्कळजण तिशी गाठतात, असे डॉक्टर सांगतात. तो मात्र अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार आहे आणि कॅरममध्ये मला दर रविवारी हरवतो.

टाचेमागची शीर आखडू नये म्हणून त्याचे पाय रोज ताणावे लागतात. ते काम आबांचे. फिजिओथेरपीच्या ताईंनी एकदाच दाखवले. तालमीत मालीश करून तयार झालेल्या हातांना जास्त शिकवावे लागले नाही. संध्याकाळी आबा कोमट तेल घेऊन बसतात, गुडघा सरळ धरतात आणि पाऊल हळूच वर दाबून मोजू लागतात. बैठका मोजीत त्याच सुरात, पण अगदी हळू आवाजात. एक... दोन... तीन... तीस झाले की पाय सोडतात आणि दुसरा घेतात. धाकटा पुस्तकातून डोके वर न काढता म्हणतो, ‘‘आबा, आज चितपट हां!’’