फाईल सर्वांची, पण नाव कोणाचे?

आम्ही दर रविवारी वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलांना स्क्रॅच शिकवतो. ठोकळे जोडून प्रोग्राम बनवण्याचे हे साधन एमआयटी मीडिया लॅबने २००७ साली सर्वांसाठी मोफत खुले केले. आमच्याकडे चार जुने लॅपटॉप आहेत, इंटरनेट मात्र नाही.

स्क्रॅचच्या वेबसाईटवर खाते असले की 'बॅकपॅक' मिळते. एका प्रकल्पातले पात्र, आवाज किंवा ठोकळ्यांची साखळी त्यात टाकायची आणि दुसऱ्या प्रकल्पात काढायची. इंटरनेटशिवाय चालणाऱ्या स्क्रॅचमध्ये ही सोय नाही. म्हणून आम्ही पात्राची फाईल बाहेर काढून पेनड्राइव्हने फिरवतो. चित्रे, आवाज, ठोकळे असे सगळे त्या फाईलसोबत जाते.

सातवीतल्या एका मुलीने पाण्याचा टँकर बनवला होता. टँकर आला की हंडे ओळीने पुढे सरकत. आम्ही ती फाईल चारही लॅपटॉपवर टाकली. जयंतीच्या कार्यक्रमात एका मुलाच्या खेळाला टाळ्या पडल्या. त्या खेळात तोच टँकर होता. ती मुलगी हळूच म्हणाली, "टँकर माझा आहे." आमच्याकडे उत्तर नव्हते. मुलाने चोरी केली नव्हती, फाईल आम्हीच दिली होती. तिचे नाव पुसले ते आम्ही!

काही साथी म्हणाले, यापुढे कॉपी बंद करा. आम्हाला हे पटत नाही. प्रत्येक मुलाने टँकर पहिल्यापासून काढायचा, तर तो टँकरच काढत बसेल, पुढचा खेळ कधी बनवेल? दुसऱ्याचे ठोकळे उघडून, मोडून, बदलूनच मुले शिकतात. स्क्रॅचच्या वेबसाईटवर शेअर केलेला प्रकल्प कोणीही रीमिक्स करू शकतो, पण तिथे मूळ निर्मात्याचे नाव आपोआप लागते. वापरण्याची मुभा आणि श्रेय देण्याची अट, दोन्ही एकत्र नांदतात. पेनड्राइव्हवर ती अट पाळणारे यंत्र नसते, ती माणसांनाच पाळावी लागते.

आता आमचे नियम साधे आहेत. पात्राच्या ठोकळ्यांवर टिप्पणी जोडून बनवणाऱ्याचे नाव लिहायचे. ही टिप्पणी पात्राच्या फाईलबरोबरच प्रवास करते. बदल करणाऱ्याने आपले नाव खाली जोडायचे, वरचे खोडायचे नाही. नुसते ठोकळे उचलणार असाल, तर स्वतः बनवलेल्या ठोकळ्याची व्याख्याही सोबत न्यायची, कारण ती त्या पात्रापुरतीच असते. आणि खेळाच्या पहिल्या पडद्यावर सगळ्यांची नावे दिसली पाहिजेत.

श्रम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा व्यवहार आपण चांगला ओळखतो. तो आपल्याच अभ्यासिकेत, आपल्याच हातून, नकळत घडला. जिथे जिथे आपण मुलांना संगणक शिकवतो, तिथे पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकवूया: फाईल द्यायला शिका आणि नाव घ्यायला शिका.

तो टँकर आजही चारही लॅपटॉपवर आहे. आता तो उघडला की सर्वांत वर तिचे नाव दिसते.