लॉटरीचे दोन लाख आणि दुधाचे पाचशे

वाचकहो, शेतकऱ्याला निवृत्तीचे वय नसते. साठी उलटली म्हणून कुणी हार घालून निरोप देत नाही, की पहिल्या तारखेला पेन्शन येत नाही. हात चालतात तोवर औत हाकायचे, हात थांबले की मुलाच्या तोंडाकडे पाहायचे. म्हणून माझ्या घरातला एक हिशेब आज तुमच्यापुढे उघडा करतो. त्यात माझी शोभा नाही, पण कुणाला उपयोग झाला तर झाला.

आमची चार एकर कोरडवाहू. बाजाराचा वार गुरुवार. मीठ-मिरची घेऊन झाली की मी एस.टी. स्टँडजवळच्या टपरीवर लॉटरीची तिकिटे घ्यायचो. वडिलांच्या काळात गावात मटक्याचा आकडा चाले. तो खेळ मुळात न्यूयॉर्कच्या बाजारातल्या कापसाच्या उघडत्या-मिटत्या भावावर पैसे लावण्यातून निघाला. 1961 साली ते भाव येणे थांबले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढू लागले. आमच्या कापसाला इथे भाव मिळेना, आणि परक्या देशातल्या कापसापायी सुरू झालेल्या खेळात इथली घरे बुडाली! हे मला कळत होते. तरी मी मनाची समजूत घाली, "मटका चोरटा, लॉटरी सरकारमान्य." सरकारमान्य म्हणजे शहाणपणाची, असा माझा समज.

2008 च्या दिवाळीत मला दोन लाखांचे बक्षीस लागले. गावभर पेढे वाटले. पैसे घ्यायला गेलो तर साठ हजारांवर रक्कम करापोटी जागच्या जागी कापलेली! शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसतो, त्यामुळे कर म्हणजे काय ते मला ठाऊकच नव्हते. तालुक्याच्या एका वकिलांनी समजावले. लॉटरी, जुगार, घोड्यांची शर्यत यांतल्या कमाईवर सरळ 30 टक्के कर आणि वर उपकर. आजवर घेतलेल्या तिकिटांचा खर्च त्यातून वजा होत नाही. पुढे बचतीच्या खात्यात पैसे भरले, तरी त्या कमाईवरचा कर हलका होत नाही. हे नियम आजही तसेच आहेत.

घरी आलो. कारभारीण म्हणाली, "अहो, यातले चाळीस हजार माझ्या पोस्टाच्या पुस्तकात टाका. म्हातारपणी कुणापुढं हात पसरायला नको."

त्याच वर्षी मे महिन्यात तिने पोस्टात पीपीएफचे, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते उघडले होते. ही योजना 1968 पासूनची. त्याला नोकरी लागत नाही, मालक लागत नाही. वर्षाला कमीत कमी पाचशे रुपये भरले तरी खाते चालू राहते. कर्जापायी कोर्टाकडूनही त्यावर जप्ती आणता येत नाही. ती म्हशीच्या दुधातून महिन्याला पाचशे भरी. मी हसून म्हणालो, "पंधरा वर्षं कोण थांबतंय?"

माझे पैसे मात्र थांबले नाहीत. जुनी मोटारसायकल घेतली, जेवणावळ घातली, पाहुण्यांना उसने दिले, ते आलेच नाहीत. उरले ते पुन्हा तिकिटांत घातले. एकदा लागले म्हणजे पुन्हा लागेल, ही आशा फार वाईट.

2024 च्या एप्रिलात कारभारणीच्या खात्याची मुदत भरली. खाते उघडलेले आर्थिक वर्ष संपल्यावर पुढे पंधरा वर्षे मोजतात. भरले होते 96,000, हाती आले पावणेदोन लाखांहून जास्त. वयाची साठ वर्षे पूर्ण झालेली, म्हणून तिने त्यातले 1,80,000 पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. तेव्हाच्या 8.2 टक्के दराने दर तीन महिन्यांनी 3,690 रुपये येतात. पाच वर्षे हा दर बदलायचा नाही. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या त्या पैशांतून येतात. ती कधी बोलून दाखवीत नाही, पण गोळी घेताना मला ते चाळीस हजार आठवतात. तिच्या खात्यात टाकले असते तर तेवढ्याचेच सव्वा लाखाच्या वर झाले असते.

मंडळी, लॉटरी लागणारा हजारांत एखादा. मग हे सारे कशाला सांगतो? अहो, आपली शेती तरी काय आहे? एका साली कांद्याला सोन्याचा भाव, दुसऱ्या साली तोच रस्त्यावर. पावसावर डाव लावूनच आपण पेरतो. म्हणून म्हातारपण तरी दुसऱ्या डावावर लावू नका. लॉटरीचा असो की तेजीचा, अवचित आलेला पैसा घरात फिरण्याआधी त्यातला म्हातारपणाचा वाटा बाजूला काढा. त्याच दिवशी काढा. दुसऱ्या दिवशी त्याला शंभर वाटा फुटतात.

मुलाच्या नावावर दीड एकर केली आहे. 2019 साली प्रधानमंत्री किसान मानधन योजना निघाली, दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या 18 ते 40 वयाच्या शेतकऱ्यांसाठी. तेव्हा तो 29 वर्षांचा होता. महिन्याला 100 रुपये तो भरतो, तेवढेच सरकार भरते. साठीनंतर महिन्याला 3,000 मिळायचे. त्याचा एक मित्र मोबाईलवर पैसे लावून रमी खेळे. असले पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करण्याचा कायदा संसदेने 2025 साली केला. पण कायद्याआधी घरच्यांनी सावध व्हावे, हे बरे.

असो. गुरुवारचा बाजार अजून मीच करतो. कारभारीण पैसे मोजून देते आणि परत आल्यावर मोजून घेते. त्याचा मला राग येत नाही.