रिकामा राहिलेला रकाना

नोव्हेंबर हा आमच्याकडे मृतांच्या स्मरणाचा महिना. सकाळची मिस्सा आटोपली की मिस्सांची नोंद करण्यासाठी धर्मग्रामाच्या कार्यालयात माणसांची रीघ लागते. काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी मंडळी निघून गेल्यावर एक बाई दाराशी थांबून राहिल्या. त्यांचे पती पावसाळ्यात वारले होते. अंत्यविधी आम्हीच केला होता. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक पासबुक काढले व आमच्यासमोर ठेवले.

"फादर, बँकेवाले पैसे देत नाहीत. तुम्ही जरा बघता का?"

पासबुकात ६१ हजार रुपये शिल्लक होती. खाते पतीच्या एकट्याच्या नावावर होते. वसईच्या वाड्यांमधली ही नेहमीची कहाणी आहे. बाई पहाटेच्या गाडीने भाजीच्या टोपल्या घेऊन वीसेक वर्षे दादरला जात होत्या. संध्याकाळी आलेले पैसे त्या पतीच्या हाती देत आणि ते नेमाने बँकेत भरत. गृहस्थ व्यसनी नव्हते, कंजूष नव्हते, सरळमार्गी होते. खाते घरच्या पुरुषाच्या नावावर असायचे, ही चालत आलेली रीत त्यांनी पाळली, इतकेच.

आम्ही बाईंबरोबर बँकेच्या शाखेत गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी आम्हाला आदराने बसवून घेतले व खाते उघडतानाचा जुना अर्ज शोधून काढला. कागद पिवळा पडला होता. तारीख १९९९ सालची होती. त्या काळी खाते उघडायला बँकेतल्या एखाद्या जुन्या खातेदाराची ओळख लागत असे. 'ओळख देणारा' या शब्दांपुढे आमची सही होती. त्या वर्षी आम्ही याच धर्मग्रामात सहाय्यक धर्मगुरू होतो आणि अशा अर्जांवर सह्या करणे हे आम्हाला पुण्याचे काम वाटत असे. त्या सहीच्या खालीच नामनिर्देशनाचा रकाना होता. तो कोरा होता.

वाचकहो, त्या क्षणी आम्हाला जे वाटले ते सांगणे सोपे नाही. या माणसाला आम्ही ओळखतो, असे आम्ही लिहून दिले होते. त्याला पत्नी आहे, दोन मुले आहेत, हेही आम्हाला ठाऊक होते. तरीही, "बाबा, इथे बायकोचे नाव का नाही?" एवढा एक प्रश्न आम्हाला सुचला नाही. सेमिनरीत आम्ही नीतिशास्त्र शिकलो, धर्मसभेचा कायदा शिकलो. या रकान्याकडे पाहायला मात्र शिकलो नाही.

अधिकाऱ्यांचा दोष नव्हता. खात्यात दुसरे नाव नसेल आणि नामनिर्देशनही नसेल, तर पैसे कोणाला द्यायचे हे बँकेला वारसांकडूनच जाणून घ्यावे लागते. मागणी अर्ज, मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची संमती, हमीपत्र अशी कागदांची माळ सुरू झाली. मुलगी जवळच दिली होती. मुलगा कुवेतला होता. त्याच्या सहीचा साक्षांकित कागद यायलाच दोन महिने गेले. कागद पूर्ण झाल्यावर १५ दिवसांत दावा निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे आणि बँकेने तो पाळलाही. पण कागद पूर्ण होईपर्यंत इस्पितळाची देणी थांबली नाहीत. बाईंच्या दोन बांगड्या गहाण पडल्या. उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यात पैसे हाती आले.

मधल्या काळात एकदा त्या आम्हाला म्हणाल्या, "फादर, टोपली माझ्या डोक्यावर होती. मग सही पोराची कशाला लागते?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तेव्हापासून विवाहपूर्व शिबिरात आम्ही अर्धा तास बँकखात्यासाठी राखून ठेवतो. तरुण मंडळी प्रथम हसतात. मग कोणीतरी हमखास विचारतो, "फादर, व्याज कुठे जास्त मिळते?" आम्ही त्यांना फळ्यावर हिशेब मांडून दाखवतो. २५ ऑक्टोबर २०११ पासून बचत खात्याचा व्याजदर ठरवण्याची मुभा बँकांना मिळाली आहे, म्हणून दरांत फरक दिसतो. परंतु घरखर्चाच्या खात्यात सरासरी २० हजार रुपये राहत असतील, तर एक टक्का जादा व्याज म्हणजे वर्षाला २०० रुपये. किमान शिल्लक एकदोनदा कमी पडली की त्यातला बराचसा लाभ दंडातच जाऊ शकतो. रोजच्या खात्याची निवड व्याजावरून करणे म्हणजे विहिरीचे पाणी न पाहता रहाटाचा रंग पाहण्यासारखे आहे.

मग पाहायचे काय? पहिली गोष्ट खर्चाची. किमान शिल्लक किती, एटीएम कार्डाचे वर्षाला किती, मोबाईलवर येणाऱ्या संदेशाचे किती, हे आधी विचारून घ्यावे. ज्यांची मिळकत हातावरची आहे त्यांच्यासाठी किमान शिल्लक नसलेले मूलभूत बचत खाते २०१२ पासून प्रत्येक बँकेने देणे बंधनकारक आहे. ते मागण्यात कमीपणा नाही. मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलामुलींनी आणखी एक जाणून घ्यावे. कंपनीने उघडून दिलेल्या पगाराच्या खात्यात काही महिने पगार आला नाही, की ते साधे खाते बनू शकते आणि त्याला किमान शिल्लकेचे नियम लागू होतात.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. आपल्या वसईत १९१८ साली कॅथलिक पतसंस्था उभी राहिली, तिचीच पुढे बँक झाली. परस्परांच्या विश्वासावर पैसा उभा करण्याची ही परंपरा आपल्याला भूषणावह आहे. परंतु विश्वासालाही आधार लागतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याचे संरक्षण प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत आहे. त्यापूर्वी, १९९३ पासून, ते १ लाखच होते. सहकारी बँकांनाही हा विमा आहे, पतपेढ्यांना मात्र नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांसाठी केवळ १ हजार रुपये काढण्याची परवानगी होती. म्हणून घरातला सगळा पैसा एकाच ठिकाणी ठेवू नये, एवढे तारतम्य हवेच.

तिसरी गोष्ट आम्ही मुद्दाम शेवटी सांगतो, कारण आमच्या मते तीच पहिली आहे. खाते कोणाचे? नवरा-बायकोचे संयुक्त खाते असेल, तर अर्जावर 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती' या अर्थाचा पर्याय निवडला आहे ना, हे पाहावे. त्यामुळे दोघांनाही स्वतंत्रपणे व्यवहार करता येतात आणि एक गेल्यावर दुसऱ्याचे हात बांधले जात नाहीत. शिवाय नामनिर्देशन करावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यावर चार जणांपर्यंत नावे देता येतात. मात्र नामनिर्देशित व्यक्ती ही मालक नव्हे, विश्वस्त असते. बँक तिच्या हाती पैसे देते. कायदेशीर वारसांचा हक्क त्याने नाहीसा होत नाही. पुष्कळ भावंडांत यावरूनच वितुष्ट आलेले आम्ही पाहिले आहे.

एकदा शिबिर संपल्यावर एका मुलीने हळूच विचारले, "फादर, संयुक्त खात्यातले पैसे त्यानेच उधळले तर?" तिच्या घरची परिस्थिती आम्हाला माहीत होती. दारूने पोखरलेल्या घरात बाईने आपली कमाई संयुक्त खात्यात घालावी, असा उपदेश आम्ही करणार नाही. तिथे तिचे स्वतःचे खाते हवे, कार्ड तिच्याच पाकिटात हवे व गुप्त आकडा तिच्याच डोक्यात हवा. जिने कमावले तिला आपला पैसा आपल्या सहीने काढता यावा, हे मूळ तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

त्या भाजीवाल्या बाईंनी पुढे स्वतःचे खाते उघडले. सत्तरीला टेकलेल्या, अक्षरओळख जेमतेम. पण अर्जावर सही केली ती स्वतःची. आम्ही सोबत होतो. आता ओळख देणाऱ्याची गरज उरलेली नाही, आधार कार्ड पुरते, तेव्हा आमच्या सहीला तिथे जागाच नव्हती. त्यांनी नामनिर्देशनाच्या रकान्यावर बोट ठेवून आम्हाला विचारले, "इथे दोघांची नावे लिहिली ना, फादर? पोराचे आणि पोरीचे?" आम्ही वाचून दाखवले. पुन्हा एकदा वाचा म्हणाल्या. पुन्हा वाचले.

वाचकहो, आज संध्याकाळी रोझरी झाल्यावर कपाटातले पासबुक बाहेर काढा. नामनिर्देशन नोंदवलेले असेल तर तसा शेरा बहुधा पहिल्याच पानावर असतो. तो नसेल, तर उद्या शाखेत जा; या कामाला पैसे पडत नाहीत. आणि जाताना घरधनिणीला बरोबर न्या.