नामांची मोजदाद

आमच्या आजोबांच्या लेखी शब्दांच्या जाती तीनच होत्या: इस्म, फेल आणि हर्फ. सप्टेंबर 1948 पर्यंत हिंगोली निजामाच्या राज्यात होती आणि वरच्या इयत्तांत जायचं तर उर्दूला इलाज नव्हता. अरबीतून आलेल्या त्या व्याकरणात नाव ते इस्म, काम ते फेल आणि उरलंसुरलं सगळं हर्फ. इस्माचेही मुख्य भाग दोन, ओळखीचं आणि बिनओळखीचं. मारिफा आणि नकिरा. पाचवीत मी इंग्रजीच्या आठ जाती घोकायला लागलो तेव्हा आजोबा बाजेवरून म्हणाले, "एवढ्या कशाला रे? तिन्हीत भागतंय की."

मराठीच्या तासालाही आठच जाती होत्या, आणि तो काही योगायोग नव्हता. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं. पुढे आपल्या शालेय व्याकरणाची घडी बरीचशी इंग्रजीच्या वळणानं बसली. आपलं जुनं वळण निराळंच होतं. यास्कांनी चार प्रकार मानले, पाणिनींनी सगळी पदं सुबन्त आणि तिङन्त अशा दोन खणांत बसवली. खुद्द इंग्रजांचं तरी कुठे एकमत होतं? प्रिस्टलेनं 1761 साली आठ जाती मोजल्या, लिंडले मरेनं 1795 साली आर्टिकल वेगळं काढून नऊ केल्या. हे मला पुष्कळ उशिरा, बी.एड. करताना कळलं. शाळेत 'आठ' हा आकडा आठवड्याच्या वारांसारखा पक्का वाटायचा.

नामांपाशी आलं की मात्र दोन तासांचं जमत नसे. मराठीच्या गुरुजींकडे तीन प्रकार: सामान्यनाम, विशेषनाम, भाववाचक नाम. पुढच्याच तासाला इंग्रजीचे सर फळ्यावर पाच लिहीत: प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल, ॲबस्ट्रॅक्ट. हे पाच आपल्याकडे पसरवण्यात नेसफील्डच्या व्याकरणाचा मोठा हात. हा गृहस्थ इथल्याच शिक्षणखात्यात होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्याची पुस्तकं हिंदुस्थानभर चालली. परिणाम असा की आमच्या घरची हळद मराठीच्या तासाला सामान्यनाम असायची आणि घंटा झाली की मटेरियल नाऊन व्हायची.

पुढे मीच जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागलो. विशेषनामाला उदाहरण म्हणून गावाचं नाव द्यायचं, तर 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. नाम होतं तिथंच राहिलं, पण फळ्यावरचं 'हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला तालुका आहे' हे वाक्य कायमचं बाद झालं. समूहवाचकाला पुस्तकातल्या 'आर्मी'ऐवजी गावातला राज्य राखीव पोलीस दलाचा गट सांगितला की पोरं लगेच मान डोलवत. 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं आणि हे पाच प्रकार घोकण्याचं वयही खाली सरकलं.

माझं मत विचाराल तर या पाचांनी कुणालाही एक धड वाक्य लिहायला शिकवलं नाही. परीक्षेला चार गुण दिले, एवढाच त्यांचा उपकार. मेनी की मच, मागे ए लावायचा की नाही, पुढे एस जोडायचा की नाही, हे ठरतं ते मोजता येतं का या एका प्रश्नावर. आणि तो प्रश्न वसमतच्या मोंढ्यात हमालालाही पडत नाही. हळद क्विंटलवर जाते, कट्टे मोजले जातात, हळकुंडं हवी तर एकेक करून मोजावीत. दोन हळद असं तिथं कुणी म्हणत नाही. लग्नसराईत मात्र तोच हमाल सांगतो, "आज दोन हळदी आहेत, लवकर सुटायचंय." व्याकरणाच्या पुस्तकाला विचारायला तो थांबत नाही. मी वर्गात पाच प्रकार उरकून हेच शिकवायचो. तपासणीला आलेल्या एका साहेबांना ते अभ्यासक्रमाबाहेरचं वाटलं होतं.

हल्ली पुतणीचा अभ्यास घेतो. तिच्या गाईडात ॲबस्ट्रॅक्टची व्याख्या जुनीच आहे: जे दिसत नाही, शिवता येत नाही ते. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा होते आहे; केंद्रानं 2023 साली त्यासाठी 2600 कोटी मंजूर केले. तिच्या शाळेत त्यावर निबंध होता. तिनं विचारलं, "काका, गुरुत्वीय लहर ॲबस्ट्रॅक्ट का? दिसत तर नाही, शिवताही येत नाही." मी सांगितलं, पहिली लहर अमेरिकेतल्या यंत्रांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी टिपली, त्यानंतर बऱ्याच सापडल्या.

"म्हणजे मोजतात," ती म्हणाली, आणि वहीत कॉमन लिहून पुढच्या शब्दाकडे वळली. पुढचा शब्द होता, न्यूज. शेवटी एस, पण एकवचनी. तिथं आमचं चांगलंच भांडण झालं.