ठासणीच्या दुनळीबद्दल, भाच्यास

दर्यापूर,
कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी

चि. अभय यास,


दादाच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, नावावरचा बंदुकीचा परवाना वारस म्हणून तुझ्या नावावर करून घ्यावा का, असं तू विचारलंस. वकिलानं तुला सांगितलं ते बरोबर आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे. परवानाधारक गेला की कायदेशीर वारसाला अर्ज करता येतो. तेव्हा प्रश्न उरतो तो करावा का, एवढाच. फोनवर तू ‘हो आत्या, हो आत्या’ म्हणतोस आणि मग मनातलंच करतोस, म्हणून लिहिते आहे.

तुझं म्हणणं, बंदूक पीक संरक्षणासाठी घेतलेली, वावर अजून आपलं आहे, रोही येतात, म्हणजे कारणही खरं. कागदावर खरं आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात शेतकऱ्यासाठी खास जागा आहे: पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना द्यावा, आणि ठासणीची पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी. सरकारचा हिशेब मला तरी उघड दिसतो. जी भरायला मिनिट लागतं ती घेऊन कुणी दरोडा घालायला निघत नाही.

पण आपल्या घरी ‘पीक संरक्षण’ नावालाच होतं. तुझे आजोबा, आबाजी, जागलीला जाताना गोफण नेत आणि वाजवायला रिकामा डबा. बंदूक घरीच राही. ती निघायची कार्तिक लागला की, ससा, तितर आणि लावे यांच्यासाठी. मुलीनं शिकारीला जावं हे आजीला पसंत नव्हतं. पण बार पेटवायच्या इवल्या टोप्या उचलायला लहान बोटं लागतात, ही आबाजींची सबब. त्यामुळे ती बंदूक भरताना मी जितक्या जवळून पाहिली तितकी दादानंही नाही.

आधी दोन्ही घोड्यांखाली नुसत्या टोप्या फोडायच्या, नळीचं तोंड गवताच्या पात्यासमोर धरून. पातं हललं तर निपलचं छिद्र मोकळं, नाही तर आत तेल साचलंय. मग बारूद. पितळेचं एकच माप, जेवढी बारूद तेवढेच छर्रे. बारा बोरच्या नळीला छर्रे तीस-बत्तीस ग्रॅम. बारुदीवर जाड डाट, गजानं ठासायचा, इतका की गज हातातून उसळून परत यावा. त्यावर छर्रे, आणि वर पातळ डाट, तो नुसता टेकवायचा. गजावर आबाजींनी दोन खुणा केल्या होत्या, एक रिकाम्या नळीची, एक भरलेलीची. बोलण्याच्या नादात एकाच नळीत दोनदा भरणं हा या बंदुकीतला नेहमीचा अपघात. टोपी सगळ्यात शेवटी.

दुसरा धोका फार जणांना ठाऊक नसतो. उजवा बार दोन-तीनदा काढला आणि डावा भरलेलाच राहिला, तर प्रत्येक धक्क्यानं डाव्या नळीतले छर्रे पुढे सरकत जातात. बारूद आणि छर्रे यांच्यात पोकळी पडली की नळी फुगते, कधी फाटते. म्हणून उजवी भरताना डावीची टोपी काढायची आणि तिच्यातही गज घालून पाहायचा. आबाजींची दहाही बोटं शेवटपर्यंत शाबूत होती, ती याच खटपटीमुळे.

बारूद म्हणजे पंच्याहत्तर भाग सोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक. कोळशासाठी आपल्या देशातले जुने कारागीर तुराट्या पसंत करत, म्हणजे तो एक जिन्नस आपल्याच वावरातला. टोपी मात्र विलायतेची. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचा पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ याला बदकांच्या शिकारीचा नाद. गारगोटीच्या बंदुकीचा भपका आधी दिसे, छर्रे मागून पोहोचत. तेवढ्यात बदकं निसटत. त्यानं ठोक्यानं पेटणारी दारू वापरायची युक्ती काढली आणि १८०७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. तांब्याच्या टोप्या त्यानंतर आल्या. हुकलेल्या बदकांचा राग देवाच्या माणसालाही सोडत नाही, असं आबाजी हसून म्हणत.

खारपाणपट्ट्याची आपली जमीन तुला माहीत आहे. विहिरीला खारं पाणी, ओलीत नाही, म्हणून ज्वारी आणि हरभरा. ज्वारी निघाली की धसकटांत तितर आणि लावे. ससा हरभऱ्याच्या कडेला, धुऱ्यावरच्या गवतात दबून. तितर आधी पळत सुटतं आणि मग एकदम पायाजवळून उठतं. पंचवीस-तीस पावलांपलीकडे आबाजी बार काढत नसत. त्यापुढे छर्रे इतके पांगतात की पाखरू मरत नाही, जखमी होऊन झुडपात शिरतं. बार निघाला की समोर पांढरा धूर. लागलं की नाही हे कळायला बाजूला सरकून पाहावं लागे. डावा बार राखून ठेवायचा. तोही गेला की पुढं कितीही तितर उठोत, आपण गज हातात घेऊन उभे. सकाळभर फिरून दोन तितर म्हणजे बरी शिकार. जेवताना दाताखाली छर्रा आला तर आजी तो ताटाच्या काठावर ठेवायला लावी आणि मग स्वतः वेगळा टाकी, उकिरड्यावर कोंबड्यांनी टिपू नये म्हणून.

घरी आल्यावरचं काम शिकारीपेक्षा मोठं. या बारुदीची राख हवेतली ओल ओढते आणि नळी रातोरात गंजते. म्हणून आधी नळ्यांतून कढत पाणी, काळं यायचं थांबेपर्यंत, मग फडकं, मग तेल. माणसांची आंघोळ आणि जेवण त्यानंतर.

हे वाचून तुला वाटेल, आत्याच आता परवाना घे म्हणणार. नाही.

या बंदुकीचं खरं काम ही लहान शिकार होती, आणि ती कायद्यानं संपली आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा ससा, तितर, लावे यांची वेगळी अनुसूची होती, नावच ‘लहान शिकार’. तिचा परवाना मिळत असे. आबाजींनी तो काढला होता का, मी विचारलं नाही. गावात कुणी कुणाला विचारत नव्हतं. १९९१ च्या दुरुस्तीनं शिकारीचे परवानेच रद्द केले. आज ससा मारला तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीही ‘पीक संरक्षणा’च्या बंदुकी घेऊन रात्री कोण कुठे बॅटरी मारत फिरतं, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या रांगेत तुझं नाव नको.

आणि एक गोष्ट मला लहानपणी कळत नव्हती. आबाजी ज्या धुऱ्यावर तितर मारत, त्याच धुऱ्यावर फासेपारधी फास लावत. ते आबाजींपेक्षा कितीतरी जाणते. आवाजावरून नर कुठे, मादी कुठे, सांगत. पण आबाजींच्या हातात सरकारी शिक्क्याचा कागद, आणि पारध्यांची जमातच इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेली. तो कायदा १९५२ मध्ये गेला, लोकांची नजर गेली नाही. चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा त्यांच्याच बेड्यावर. आज अकोला-वाशीमकडे तेच फासेपारधी तणमोराची माळरानं राखायला मदत करतात. पाखरू तेच असताना एकाचा छंद आणि दुसऱ्याचा गुन्हा, हा हिशेब आपल्या घराला फार सोयीचा होता.

तितर कमी झाले ते बंदुकीनं असं मी म्हणत नाही. मिनिटाला दोन बारांनी पाखरं संपत नसतात. ज्वारी गेली, धुरे नांगरून निघाले, ई-क्लासच्या सरकारी जमिनीवरचं गवत लोकांनी वहितीत घातलं, उरलेल्यावर तणनाशक. त्यांना बसायलाच जागा राहिली नाही. पण म्हणून उरलेल्यांवर बंदूक रोखायला आपण मोकळे होत नाही.

राहिला रोही. नुकसान होतं, खोटं नाही. मीही हरभरा पेरते. २०१५ मध्ये राज्यानं पिकाचं नुकसान करणाऱ्या रोही आणि रानडुकराला वनखात्याच्या परवानगीनं मारण्याची वाट काढून दिली आहे. पण दोनशे किलोच्या रोहीवर तितराचे छर्रे झाडणं म्हणजे राखण नव्हे. कातड्यात शिसं रुतून ते जनावर आठ-आठ दिवस नाल्यात सडत मरतं. रात्री पुण्याहून येऊन तू जागल करणार नाहीस, हेही आपल्या दोघांना माहीत आहे.

पुण्यातल्या भिंतीवर टांगायची म्हणशील. बार निघूच शकत नाही अशा जुन्या, मोडक्या हत्यारांना कायद्यात सूट आहे. आपली दुनळी चांगली चालू आहे, दादा दर पावसाळ्याआधी तेल देत असे. ती भिंतीवर असली तरी बंदूकच, परवान्याशिवाय ठेवलीस तर गुन्हाच. नळीत भोक पाडून तिला निकामी करणं मला सहन होणार नाही, हेही सांगून ठेवते.

तेव्हा माझं मत असं. परवान्याचा अर्ज करू नकोस. दिवाळीला येशील तेव्हा दादाचा मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना सोबत आण. बंदूक माझ्याकडेच कुलपात आहे, आणि तशी फार दिवस ठेवणं बरं नाही. पहिल्याच दिवशी आपण ती ठाण्यात जमा करू. कलम एकवीसप्रमाणे जमा केलेली बंदूक परवानाधारकाला किंवा अधिकृत दुकानदाराला विकता येते. चार पैसे आले तर तुझे. नाही विकली गेली तर सरकारजमा होईल, होऊ दे. जाण्याआधी दोन्ही नळ्यांत गज घालून खूण बघायची आहे, भरलेली तर नाही ना. ते मी करीन, तू हात लावू नकोस. पावतीवर बंदुकीचा नंबर बरोबर लिहिलाय हे ठाण्यातून निघण्याआधी वाचून घे.

कळावे,
तुझी आत्या