मुदतीबाहेरचे देणे

परक्या देशांतील निवाडे वाचण्याची सवय वकिलाला एकदा लागली की ती विड्याच्या सवयीसारखी सुटता सुटत नाही. १६ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रूडिसिल नावाच्या माजी सैनिकाच्या प्रकरणात जो निवाडा दिला, तो मी असाच एका संध्याकाळी, पक्षकार निघून गेल्यावर, कचेरीत बसून वाचला. तीन वेळा लष्करी सेवा केलेला हा गृहस्थ. पहिल्या सेवेच्या बळावर, जुन्या कायद्याखाली, त्याने पदवी मिळवली. पुढे येल विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विद्यालयात शिकावे आणि धर्मोपदेशक होऊन पुन्हा सैन्यातच जावे, ही त्याची मनीषा. नंतरच्या सेवेने त्याला नव्या आणि अधिक उदार कायद्याचा हक्क मिळाला होता. पण सरकारी खात्याने हिशेब मांडला, की छत्तीस महिन्यांपैकी २५ महिने १४ दिवस वापरून झाले, सबब १० महिने १६ दिवस शिल्लक. एवढ्यात पदव्युत्तर शिक्षण पुरे व्हायचे नव्हते. येलमध्ये मिळालेली जागा त्याला सोडावी लागली. दोन सेवांनी दोन हक्क निरनिराळे कमावले जातात आणि दोन्ही मिळून ४८ महिन्यांची मर्यादा तेवढी पाळावी लागते, असे न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितले.

निवाडा कायद्याच्या दृष्टीने चांगला आहे; पण माझी नजर अडली ती त्या सोळा दिवसांवर. शिक्षणाचा पैसा इतक्या बारकाईने मोजणारा दुसरा एक माणूस मी पाहिला होता. शिवाय माझ्या नावावरही असा एक हिशेब कित्येक वर्षे पडून होता, आणि त्यातले दिवस मोजणारा मी स्वतः होतो.

ऑगस्ट २००९ मध्ये मी कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी अमेरिकेच्या पूर्व भागातील एका खासगी विद्यापीठात गेलो. वय सत्तावीस, पणजीच्या न्यायालयात चार वर्षे काढलेली. विद्यापीठाने शुल्काचा काही भाग माफ केला होता. बाकीच्यासाठी बँकेकडे वडिलांचे फोंड्याचे घर गहाण पडले. एवढे करूनही दीड लाख रुपये कमी पडत होते. ते आमच्या देवस्थानाच्या विद्यार्थी निधीने दिले. हा निधी म्हणजे गावाने दोन पिढ्यांत थोडे थोडे करून साठवलेला पैसा. व्याज नाही, तारण नाही. एका जाड वहीत नाव, रक्कम आणि सही. सही करताना मी देवस्थानाच्या मुखत्यारांना विचारले, “काका, परतफेड केव्हापासून?” ते हसले. “पयशांचें फुडें पळोवया. पयलीं शिकून यो.” घरी येऊन मी समितीला आभाराचे पत्र लिहिले आणि त्याखाली ‘आपला उपकृत’ अशी सही केली. त्या शब्दाने मला पुढे फार वर्षे छळले.

तिथे माझ्या बिऱ्हाडाचा भागीदार इराकमध्ये दोनदा जाऊन आलेला एक सार्जंट होता. कायद्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे त्याचे ते पहिले वर्ष. बारा ऑगस्टांपूर्वी नव्हे, अगदी त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला, म्हणजे १ ऑगस्ट २००९ रोजी, माजी सैनिकांच्या शिक्षणाचा नवा कायदा अमलात आला होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तीन वर्षे सेवा केलेल्याला छत्तीस महिन्यांचे संपूर्ण साहाय्य : ठरलेल्या मर्यादेपर्यंत शुल्क, पुस्तकांसाठी वर्षाला एक हजार डॉलरपर्यंत, आणि सार्जंटच्या हुद्द्याला कुटुंबासह जेवढा घरभाडेभत्ता मिळतो तेवढा भत्ता. मर्यादेवरचे शुल्क उरले, तर ‘यलो रिबन’ या योजनेत विद्यापीठ जेवढा वाटा उचलील तेवढाच सरकारने उचलायचा. सेवामुक्तीचा डीडी-२१४ हा कागद त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून, आपल्याकडे सातबारा किंवा जन्मपत्रिका जपावी तसा जपला होता. स्वयंपाकघरातील टेबलावर बसून तो गणित करी : तीन वर्षे, प्रत्येकी नऊ महिने, एकूण सत्तावीस, नऊ महिने उरतात, त्यांत आणखी काय शिकता येईल? त्याचे बाकीचे सहाध्यायी सरकारी कर्जावर शिकत होते. लाख डॉलरच्या वर देणे घेऊन बाहेर पडलेले काही मी पाहिले. (पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जवळजवळ पूर्ण खर्चाइतके मिळणारे ते कर्ज २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद केले आहे.) मी परदेशी, मला त्यातले काहीच लागू नव्हते.

आमच्यात एक फरक मला पहिल्या आठवड्यातच जाणवला. मी पैशाबद्दल बोलताना आवाज खाली घेत असे, आणि तो घेत नसे. एकदा मी म्हणालो, “तुमचे सरकार उदार आहे.” त्याने हातातला चमचा खाली ठेवला. “उदार? मी हे कमावले आहे.” स्वरात राग नव्हता, माझे वाक्य चुकले होते, ते त्याने दुरुस्त केले इतकेच.

हे ‘कमावलेपण’ तिथे सहजासहजी आले नव्हते. पहिल्या महायुद्धातील सैनिकांना १९२४ च्या कायद्याने भत्त्याचे वचन मिळाले, पण रक्कम हाती पडायची १९४५ साली. मंदीत भुकेला लागलेले हजारो माजी सैनिक १९३२ साली राजधानीत तळ देऊन बसले, आणि २८ जुलै रोजी त्यांच्याच देशाच्या सैन्याने त्यांना हुसकून लावले. ही लाज आणि तिच्यामागची भीती राज्यकर्ते विसरले नाहीत. पुढच्या महायुद्धाचा शेवट दिसू लागला तेव्हा कॅन्सस राज्यातील हॅरी कोलमरी या वकिलाने, जो स्वतः पहिल्या महायुद्धातील सैनिक होता, वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात बसून, हॉटेलच्याच कागदावर नव्या कायद्याचा मसुदा लिहिला. वकिलांविषयी जगात फारसे बरे बोलले जात नाही, म्हणून ही गोष्ट मी जरा आग्रहाने सांगतो. २२ जून १९४४ रोजी रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली. वर्षाला ५०० डॉलरपर्यंत शुल्क, आणि एकट्या माणसाला महिन्याला ५० डॉलर. शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांना भय वाटले, की विद्येची मंदिरे आता भटक्यांच्या वस्त्या होणार. झाले ते उलटेच. १९४७ साली तिथल्या महाविद्यालयांत प्रवेश घेणाऱ्यांत जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते, आणि १९५६ पर्यंत अठ्ठ्याहत्तर लाख सैनिकांनी या कायद्याखाली काही ना काही शिक्षण घेतले.

मात्र कायदा सर्वांसाठी असला तरी तो राबवणारे हात स्थानिक होते. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय सैनिक आपला सेवामुक्तीचा कागद घेऊन गेला, तर बहुतेक विद्यापीठांची दारे त्याला बंद होती, आणि जी थोडी खुली होती तिथे जागा नव्हती. हक्क होता, तो वठवायचा कुठे, हा प्रश्न होता.

असे काही वाचले की मला बडोद्याची आठवण येते. महूच्या लष्करी छावणीत जन्मलेला, सुभेदार रामजी सकपाळ यांचा मुलगा १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला, तो सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर : महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे, परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. मला तो करार फार स्वच्छ वाटतो. त्यात भीमराव आंबेडकर कोणाचे ‘उपकृत’ नव्हते. घेणे आणि देणे दोन्ही लेखी होते. १९१७ साली ते करार पाळायला बडोद्यास आले. महाराजांनी नोकरी दिली, पण गावाने राहायला खोली दिली नाही. बडोद्यातील आपल्या वाचकांना ही कथा मी नव्याने काय सांगू? आपल्या देवळांशी वावरणाऱ्यांनी ती अधूनमधून पुन्हा वाचावी, एवढेच म्हणतो.

आता माझ्याकडे वळतो. २००९ च्या शरदात सार्जंटचे पैसे आलेच नाहीत. कायदा नवा, अर्ज लाखोंनी, संबंधित खात्याची तयारी अपुरी. घरमालक मात्र जुना आणि तयार होता. ऑक्टोबरचे भाडे नऊशे डॉलर. त्याच्या वाट्याचे साडेचारशे मी भरले, आणि ते होते आमच्या देवस्थानाच्या निधीतले. इराकहून आलेल्या सैनिकाच्या डोक्यावरचे छप्पर एक महिनाभर फोंडे महालातल्या देवाने धरले होते, हे मी त्याला सांगितले तेव्हा तो मोठ्याने हसला. मग वहीचे पान फाडून त्याने पावती लिहिली : रक्कम, तारीख, आणि ‘पहिली रक्कम हाती येताच’ असे वचन. मी म्हटले, “मित्रांत हे कशाला?” तो म्हणाला, “मित्र राहावे म्हणून.” त्या महिन्यात सरकारने अडलेल्यांना तीन हजार डॉलरपर्यंतचे तातडीचे धनादेश द्यायला सुरुवात केली; त्याचा धनादेश वटला त्याच दिवशी माझे पैसे टेबलावर होते. पावती त्याने परत मागितली नाही. ती अजून माझ्यापाशी आहे.

मी परत आलो २०१० साली. बँकेचे हप्ते सुरू झाले, लग्न झाले, कचेरी थाटली. बँक नोटीस पाठवी, म्हणून बँकेला पैसे जात. देवस्थान नोटीस पाठवत नसे. पालखीला, जत्रेला मुखत्यार भेटत, घरच्यांची विचारपूस करत; वहीचे नाव त्यांनी एकदाही काढले नाही. पुढच्या वर्षी देऊ, असे मी दर वर्षी ठरवी. आणि जुलै २०१२ मध्ये, हे लिहिताना हात अडखळतो, माझ्या मनात आपोआप एक विचार येऊन गेला : तीन वर्षे झाली, मुदतीच्या कायद्याने आता हे कर्ज वसूल करता येणार नाही. मी ते बुडवणार नव्हतो. पण तो दिवस मी मोजला होता, हे खरे.

मे २०१४ मध्ये मुखत्यार कचेरीत आले. त्यांच्यासोबत मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक हवालदार आणि त्यांची मुलगी. घर देवळाच्या सेवेकऱ्यांपैकी. मुलीला पुण्यात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. “तुका कायदो कळटा. सैनिकाचे चलयेक सरकारा कडल्यान कितें मेळटा, तें सांग.” मी फार तत्परतेने सांगितले. माजी सैनिकांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे (२०१९ साली ती मुलींसाठी महिना तीन हजार रुपये झाली). पण ती व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या पहिल्या पदवीसाठी, एम.एस्सी.ला लागू नाही. मग मीच विचारले, “निधीतून का देत नाही? ही मंडळी महाजन नाहीत म्हणून?” मुखत्यारांनी माझ्याकडे पाहिले. समितीत एकाने तो मुद्दा काढला होता. परंतु नियमात ‘गावातील विद्यार्थी’ एवढेच आहे असे सांगून त्यांनी त्याला गप्प बसवले होते. “नेम तिचे वटेन आसा. पेट रिती आसा.” नियम तिच्या बाजूने होता, पेटी रिकामी होती.

ती कोणी रिकामी केली, हे त्यांनी सांगितले नाही. हवालदार माझ्या भिंतीवरच्या अमेरिकन पदवीकडे कौतुकाने पाहत होते.

दुसऱ्या दिवशी मी देवळात जाऊन वही मागितली. माझ्या नावापुढे ‘परत आल्याची तारीख’ हा रकाना कोरा होता. माझ्या वरखाली आणखी पाच जणांचे तसेच कोरे रकाने होते, त्यांत दोन डॉक्टर. पैसे त्या दिवशी माझ्याजवळ सगळे नव्हते. करार कायद्याच्या पंचविसाव्या कलमात एक सोय आहे : मुदतबाह्य झालेले ऋण फेडण्याचे वचन ऋणकोने लेखी, सही करून दिले, तर ते वचन पुन्हा कायद्याने बांधते. मी तसे वचनपत्र लिहून दिले, तीन हप्ते आणि तारखा घालून. मुखत्यारांनी ते न वाचता वहीत ठेवले. डिसेंबरात शेवटचा हप्ता व्याजासह नेला, तेव्हा व्याज त्यांनी मोजून माझ्याकडे सरकवले. “आमच्या नेमांत व्याज ना. तें देवाचे पेटयेंत घाल.”

मुलगी त्या वर्षी पुण्याला गेली नाही. दोन वर्षे एका शाळेत शिकवून २०१६ साली गेली. तिच्या अर्जाचे कागद मीच तयार केले. निधीच्या छापील अर्जात परतफेडीची तारीख लिहिण्याचा एक रकाना तेव्हापासून आहे. तो मी हट्टाने घालून घेतला, आणि मुखत्यारांना तो अजून आवडलेला नाही.