तसूभरही न हललेली पट्टी

माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर, वरच्या कडेला एक पट्टी आहे. तिच्यावर डावीकडे तीन शब्द: ॲप्लिकेशन्स, प्लेसेस, सिस्टीम. मी ते शब्द वाचत नाही. अंधारात हात स्विचवर जातो, तसा माउस तिथं जातो.

हे लिनक्सवरच्या ग्नोम २ या डेस्कटॉपचं रूप. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आलं आणि हे शब्द गेले, खिडकी लहान करायचं बटणसुद्धा गेलं. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स वैतागून एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपकडे वळले. २००८ मध्ये केडीई या आणखी एका डेस्कटॉपच्या ४.० आवृत्तीनंही लोकांना असंच पोरकं केलं होतं.

दौंडच्या भाच्याला मात्र अशी बदलाबदल आवडते. परवापरवापर्यंत त्याच्याकडे केडीईचं प्लाझ्मा होतं, आता हायपरलँड. खिडक्या आपोआप शेजारी शेजारी बसतात. "मामा, तुम्ही अजून तिथंच?" जंक्शनच्या गावचा पोरगा, गाडी बदलायची सवय त्याला. आमच्या शिरूरला रेल्वेच नाही.

पण 'तिथंच' राहणं फुकट पडत नाही. २०११ मध्येच अर्जेंटिनातल्या पर्बेरोस या टोपणनावाच्या माणसानं ग्नोम २ चा कोड उचलला, तिकडच्या काढ्यावरून त्याला 'माते' नाव दिलं. मी वापरतो ते हेच. पुढं त्या कोडचा पायाच, म्हणजे खिडक्या-बटणं काढणारा जीटीके २ हा संच, जुना झाला. मग वर्षानुवर्षं खपून मंडळींनी सगळा कोड जीटीके ३ वर नेला. २०१७ च्या १.१८ आवृत्तीत काम पुरं झालं. माझी पट्टी तसूभरही हलली नाही. मला तर पत्ताच लागला नव्हता.

बदलाला कारण लागतं, याचा दाखला आमच्या शिरूर तालुक्यातच आहे: घोडनदीच्या काठचं इनामगाव. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून तिथं उत्खनन केलं. खाली ताम्रपाषाणयुगातली चौकोनी, ऐसपैस घरं निघाली. आणि वरच्या थरात, इसवी सनपूर्व १००० नंतरच्या, लहान गोल झोपड्या. पुरातत्त्वज्ञ ढवळीकरांच्या मते पाऊस कमी झाला, शेती खालावली, म्हणून घरं अशी आकसली. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्यांची घराची तऱ्हा सोडली ती हौसेनं नव्हे. ग्नोम ३ च्या वेळी कुठला पाऊस आटला होता, हे मला आजतागायत उमगलेलं नाही.

एक्स११ च्या जागी येणाऱ्या वेलँडचं कारण मात्र पटतं. पडद्यावर खिडक्या उमटवणारं एक्स११ हे १९८७ चं. त्यात एका प्रोग्रामला दुसऱ्यात टाइप होणारं सगळं टिपता येतं, बँकेचा पासवर्डसुद्धा. ग्नोम, केडीई वेलँडकडं निघालेच, मातेवालेही हळूहळू निघालेत. भाच्याला म्हटलं, दिवाळीला ये आणि वेलँड बसवून दे. तो लगेच मोबाइलवर रंगीबेरंगी पडद्यांचे फोटो दाखवायला लागला.

"ते राहू दे रे," मी म्हटलं, "आधी मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड धड चालतो का, तेवढं बघ."